इथे वेल आहे

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीपासून चार हातांवर, एक पाटी रोवलेली आहे. 'इथे वेल आहे. कृपया खणू नये.' पाटीच्या पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कुठेही वेल नाही. मे महिना आहे, जळगाव आहे, पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही आणि पाटीभोवतीच्या दोन फुटांच्या चौकोनात भेगाळलेल्या काळ्या मातीशिवाय काहीही नाही.

"वेल कुठंय भो?" दूधवाला विचारतो.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"जमिनीत. झोपलीय."

तो माझ्याकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो. "दुपारचं बाहेर निघत नका जाऊ," असं म्हणून तो अर्धा लिटर माप ओततो आणि आज जरा जास्तच ओततो. आजारी माणसाच्या घरी लोक थोडं वाढवूनच देतात.

या वेलीला रानद्राक्ष म्हणतात. कुठे गोलिंदा म्हणतात, कुठे कोळेजान. ही आपली, इथली, सातपुड्यातली. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, पाऊस पडला की कुपाकाठीच्या झाडावर चढते आणि थंडी सरता सरता गायब होते. अशी वेल घरी लावावी, हा विचार ज्या क्षणी माझ्या डोक्यात आला त्या क्षणी आसपास कुणी शहाणं माणूस नव्हतं. होता तो मामेसासऱ्यांचा सालदार.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला मामेसासऱ्यांचं शेत आहे. सप्टेंबर होता. कापूस कमरेला आला होता आणि बांधावरच्या पळसावर ताटलीएवढ्या पानांची एक वेल पसरली होती. पान हृदयाच्या आकाराचं, कडेला बोथट कोन असलेलं. कोवळं पान उलटं केलं की खाली कोळ्याच्या जाळ्यासारखी तांबूस लव. आत घड. मणी वाटाण्याएवढे, काही हिरवे, काही काळपट. मी शहरातला माणूस. घड दिसला की तोंडात घालायचा, एवढंच मला ठाऊक. हिरव्या-काळ्याचा भेद न करता मूठभर मणी चावले.

पहिली दहा सेकंदं काही झालं नाही. मग जिभेवर कुणीतरी काथ्याचा ब्रश फिरवायला लागलं. अळूची कच्ची भाजी खाल्लेल्यांना ही खाज सांगायला नको. कारणही तेच. द्राक्षाच्या कुळातल्या वेलींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात जाऊन शब्दशः टोचतात. मी खोकत, डोळे पुसत बांधावर बसलो. सालदार शांतपणे म्हणाला, "पिकलेलं खायचं असतं, साहेब. आणि एक-दोन खायचं असतं." मग माझी दया आली म्हणून, की ब्याद लवकर जावी म्हणून, त्याने कुदळीने बुंध्याशी खणून लांबट, गाठाळ असे दोन कंद मुळांसकट काढून दिली. "लावा. फेकून दिलं तरी येतं."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ते कंद मांडीवर घेऊन मी एसटीने निघालो. कंडक्टरने विचारलं, "रताळी का?" मी म्हटलं, "द्राक्षं." त्याने तिकीट फाडता फाडता गोणपाटाचं टोक उचलून आत पाहिलं आणि ते परत मिटवलं. विदगावचा तापीवरचा पूल येईपर्यंत तो माझ्याकडे मधूनमधून बघत होता.

एक कंद मी जळगावला ठेवला आणि दुसरा धुळ्याला, देवपुरात राहणाऱ्या ताईला दिला. इथून पुढची गोष्ट म्हणजे या दोन कंदांच्या नशिबाची गोष्ट आहे. एकाच आईची दोन लेकरं, एक हौशी घरात पडलं आणि दुसरं कामाच्या घरात.

आता जळगावच्या हौशीबद्दल. आमच्याकडे घरात सुतळी सापडणार नाही, पण ठिबकच्या नळीचा तुकडा सापडेल. भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाचं काम इथे सुरू केलं, केळीवाल्यांनी ते उचलून धरलं आणि तेव्हापासून काळी नळी आमच्या रक्तात गेली. तिने आम्ही मोळी बांधतो, गेट बांधतो, मोटारसायकलवर गॅसची टाकी बांधतो. तर मी वेलीला ठिबक केलं. टाकीतून लॅटरल आणली, ड्रिपर बसवला, शेवटाला नळी दुमडून अडकवली. नळाला पाणी दोन दिवसांआड येतं, त्यामुळे घरात अंघोळीची बादली मोजून मिळते. वेलीला मात्र ताशी ४ लिटर. बायको म्हणाली, "मला एखादा ड्रिपर बसवा स्वयंपाकघरात." मी हसलो. ती हसली नव्हती.

पाऊस लांबला होता, त्यामुळे कंदाला त्याच मोसमात कोंब फुटला आणि मी खुळावलो. सकाळी दात घासताना मी वेलीसमोर उभा राहायचो. तिच्या बाळ्या, म्हणजे ते धाग्यासारखे तणावे, हवेत चाचपडत असायचे. अंधारात भिंतीवर बटण शोधणाऱ्या माणसाचा हात असतो ना, तसे. एका बाळीला माझा ब्रश लागला. मी मुद्दाम तो जाळीत अडकवून ठेवला. संध्याकाळपर्यंत तिने दांड्याला दोन वेढे घातले होते आणि वेढ्यांच्या अलीकडचा भाग स्प्रिंगसारखा गुंडाळून स्वतःला ओढून घेतलं होतं. मी नवा ब्रश आणला. या वेलीची आणखी एक गंमत अशी की जिथून घड लोंबतो त्या देठालाही बाळी फुटते. म्हणजे फळ धरायच्या आधी फांदी धरून ठेवायची. आमच्याकडची माणसं आधी मुलगा नोकरीला लागला का बघतात आणि मग स्थळ बघतात, त्यातलाच प्रकार.

पण जळगावच्या माणसाला कौतुक फार वेळ सोसत नाही. तो केळी आणि कापसाच्या हिशेबात वाढलेला. कुठलंही झाड दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: "याचा उपयोग काय?" शेजारचे अण्णा यावल तालुक्यातले, केळीचे जुने बागायतदार. त्यांनी वेलीभोवती एक चक्कर मारली.

"घड येतो?"

"येतो."

"किती किलोचा?"

"ग्रॅममध्ये बोलावं लागेल, अण्णा."

"रावेरला भाव काय?"

केळीचा भाव रावेर आणि बऱ्हाणपूरला फुटतो, म्हणून अण्णांच्या दृष्टीने जगातल्या प्रत्येक घडाचा भाव तिथेच फुटतो. मी म्हणालो, भाव नाही. अण्णांचा चेहरा पडला. "मग पक्ष्यांसाठी आहे म्हण," ते समजुतीने म्हणाले, आणि त्या दिवसापासून गल्लीत मी पुण्यकर्म करतोय अशी बातमी झाली.

पुण्यकर्माचं फळ पंधरा दिवसांत आलं. एका सकाळी शेजारच्या वहिनींची किंकाळी ऐकू आली. "साप! वेलीवर साप!" अख्खी गल्ली काठ्या घेऊन आली. सापाचं डोकं हिरवं होतं, त्यावर दोन टपोरे डोळे होते आणि शेपटीला शिंग होतं. एकूण लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. ती हॉक मॉथची अळी होती. संध्याकाळी फुलांवर भिरभिरत तरंगणारा तो मोठा पतंग द्राक्षाच्या कुळातल्या वेलींवर अंडी घालतो, आणि त्यातल्या काही जातींच्या अळ्यांच्या अंगावर भीती घालायला खोटे डोळे काढलेले असतात. मी हे सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तू पाणी घालतो, वेल पानं काढते आणि हा खातो?"

"हो."

"उपयोग याला आहे म्हण की."

ऑक्टोबरात निफाडचे साडू आले. निफाडचे म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको; त्यांची चार एकर बाग आहे आणि ते द्राक्षाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलताना मी ऐकलेलं नाही, स्वतःच्या लग्नातसुद्धा. माझ्याकडे द्राक्षवेल आहे एवढंच त्यांना फोनवर कळलं होतं. चप्पल काढायच्या आधी ते अंगणात गेले.

"कोणती व्हरायटी? थॉमसन? सोनाका? शरद?"

"रानटी."

त्यांनी पान उलटं करून डावण्या पाहिला, सुलटं करून भुरी पाहिली. रोग नव्हता. रोग नसलेली द्राक्षवेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी. ते एकदम अस्वस्थ झाले. "फवारणी कोणती घेता?"

"घेत नाही."

"जीए?"

"नाही."

"गोडी छाटणी कधी केली?"

"हिच्यात गोडीच नाही साडूभाऊ, छाटू काय?"

ते बाजेवर बसले. बायकोने पाणी आणलं. नाशिककडचा बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, मध्ये पेस्ट लावतो, बाळ्या काढतो, मणी विरळतो, घड बुडवतो आणि रात्री पाऊस येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो. त्या माणसासमोर आपोआप वाढणारी द्राक्षवेल ठेवणं म्हणजे सकाळी चारला उठून अभ्यास करणाऱ्या पोरासमोर न वाचता पास झालेला पोरगा आणून उभा करणं.

पण एका गोष्टीवर मी त्यांना गाठलं. "तुमच्या बागेत खालचा खुंट कोणता?"

"डॉगरिज."

"म्हणजे टेक्ससची रानद्राक्षं."

ते गप्प झाले. खरंच आहे ते. क्षार आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक बागांत खाली डॉगरिज लावतात आणि त्यावर थॉमसनचं कलम करतात. वर जे मंडपावर मिरवतं ते सभ्य घराणं, आणि जमिनीत राबतो तो अमेरिकेतला रानटी गडी. ही युक्ती फ्रान्समधली. १८६८ मध्ये तिथल्या बागा पटापट मरत होत्या. माँपेलिएच्या ज्यूल एमिल प्लाँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळं उकरून भिंगाखाली धरली, तर मुळांवर पिवळसर किडे. तो फायलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेला. मग उतारही अमेरिकेतूनच आणला: तिथल्या रानवेलींची मुळं त्या किडीला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फ्रेंच द्राक्षांची कलमं केली.

आणि आता जे सांगतो ते मला इतकं आवडतं की मी ते साडूंना त्या दिवशी दोनदा सांगितलं. आपल्या या रानद्राक्षाला आधी रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'व्हिटिस लॅटिफोलिया' म्हटलं होतं, म्हणजे रुंद पानांची द्राक्ष. १८८४ मध्ये तिला खऱ्या द्राक्षांच्या घरातून उचलून 'अँपेलोसिसस' या शेजारच्या घरात कुणी नेऊन बसवलं? याच प्लाँशाँने. जगातल्या द्राक्षांचा जीव वाचवण्याच्या धामधुमीत या माणसाला चोपड्याच्या बांधावरच्या वेलीची वंशावळ तपासायला वेळ मिळाला होता.

साडूंना इतिहासात रस नव्हता. त्यांचे डोळे चमकले होते. "मग हिच्यावरच थॉमसन बांधू की! फुकटचा खुंट!"

"जमणार नाही. द्राक्षांची गुणसूत्रं ३८, हिची ४०."

"दोनाने काय होतं?"

"कुळ एक आहे, गोत्र वेगळं."

"मग तर चांगलंच आहे!" साडू म्हणाले. पत्रिकेच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की निदान मंडप तरी करीन.

जानेवारी सरता सरता वेल पिवळी पडली. फेब्रुवारीत पानं गेली, काड्या वाळल्या आणि एका सकाळी कामवाल्या बाईंनी झाडताना अख्खी वेल केरात लोटली. मी घाबरलो नाही, कारण मला शास्त्र ठाऊक होतं. ही वेल उन्हाळा जमिनीखाली काढते. सगळा माल कंदात भरते, दुकान बंद करते आणि पहिल्या पावसाला शटर उघडते. खानदेशात राहायची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही. पण शास्त्र ठाऊक असणं वेगळं आणि ठिबक बंद करणं वेगळं. ४५ अंशांत, कोरड्या मातीकडे बघून, माझ्यातला जळगावकर कळवळला. मी ड्रिपर चालू ठेवला. रोज दोन तास. पाटीही तेव्हाच लावली.

जून आला. मेघ आले, पाऊस आला, पाटीखाली गवत आलं, तांदुळजा आला, कुणाच्या तरी खाल्लेल्या टरबुजाचा वेल आला. रानद्राक्ष आली नाही. जुलैत मी धीर करून खणलं. कंदाच्या जागी तपकिरी लगदा होता. झोपलेल्या कंदाला पाणी लागत नाही. चार महिने भिजवत ठेवलं की तो आतून सडतो. ताशी ४ लिटरने, अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने, थेंब थेंब मी तिला मारलं होतं. अण्णा येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी उपयोग विचारला नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात धुळ्याहून ताईचा फोन. "तुझी ती वेल घेऊन जा बाबा. खिडकी उघडत नाही."

ताईने काय केलं होतं? काहीही नाही. देवपुरात पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्याने तिने वेलीला कधी पाणी घातलंच नव्हतं. कंद जिन्याखाली, मोडक्या बादलीशेजारी पुरला आणि विसरून गेली. वर्षभर त्यावर सायकल टेकवली जायची. मी पोहोचलो तेव्हा वेल जिन्याच्या कठड्यावरून पहिल्या मजल्यावर गेली होती, ग्रिल भरून टाकली होती, डिशच्या छत्रीला मिठी मारली होती आणि तिथून गल्ली ओलांडणाऱ्या केबलवर पाऊल टाकलं होतं. पानांच्या मधून तांबूस-किरमिजी फुलांचे गच्च गुच्छ होते. समोरच्या आजी ओट्यावरून विचारत होत्या, "हाई काय शे ओ ताई? खावाना कामनं शे का?"

"द्राक्षं शेतस, आजी."

"मायव! धुयामा द्राक्षं?"

ऑक्टोबरात मणी काळे झाले तेव्हा मी रजा टाकून गेलो. पिकलेला मणी कसा दिसतो ते सांगतो: बाहेरून जांभळट काळा, दोन बोटांत दाबला की टचकन फुटतो, गर कमी, आत दोन-तीन बिया, आणि बोटांना लागलेला रंग साबणाला ऐकत नाही. चव आधी आंबट, मागून जरा तुरट आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही अजून तोंडात ठेवलाच असेल तर, किंचित गोड. दोनच खायचे. तिसऱ्याला तो काथ्याचा ब्रश पुन्हा हजर. गल्लीतल्या पोरांनी आदल्या दिवशीच एक घड लांबवला होता. ताई चिडली होती. मी म्हटलं, चिडू नकोस, पुन्हा येणार नाहीत. फ्रान्समध्ये मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, चोरांना विषारी वाटावं म्हणून. १८८२ मध्ये मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या याच वेलींवर डावण्या नाही, आणि १८८५ मध्ये त्यातून बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. साडू आजही ते मारतात. आपल्या वेलीला तेवढाही खर्च नाही. चोराला ती स्वतःच बघून घेते. खरोखरच दुसऱ्या दिवशी एक पोरगं जीभ बाहेर काढून पाणी मागायला ताईच्याच दारात आलं.

एकूण पीक खालच्या सराफाच्या काट्यावर जोखलं. सोन्याच्या काट्यावर का, तर ताईचा किचनमधला काटा आकडा दाखवेना. १८६ ग्रॅम. सराफाने अत्यंत गंभीरपणे चिठ्ठीवर वजन लिहून दिलं. त्यातून ताईने गूळ, जिरं, हिरवी मिरची घालून चटणी केली. कळण्याच्या भाकरीबरोबर ती इतकी छान लागली की जेवण संपेपर्यंत कुणी बोललं नाही, आणि जेवणानंतर कुणाला बोलता आलं नाही.

ती चटणी खाताना मला कोल्ह्याची आठवण झाली. आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. म्हणजे त्याला मिळाली नाहीत म्हणून तो नावं ठेवत होता. पण आमच्याकडच्या कोल्ह्याने द्राक्षं कुठली पाहिली असणार? निफाडची थोडीच? सातपुड्याच्या पायथ्याच्या बांधावरची हीच. ती आंबटच आहेत. आणि घड तर त्याच्या तोंडाच्या उंचीवरच लोंबत असतो. बिचाऱ्याने खाऊन, जीभ खाजवून, प्रामाणिक अभिप्राय दिला आणि आपण त्याला खोटा ठरवलं. पुढे तो काकडीला राजी झाला तर त्यावरही म्हण केली. दुसरं काय खाणार होता तो?

फेब्रुवारीत वेल झोपली तेव्हा ताईने जिन्याखाली खणून कंदाचा एक गाठाळ तुकडा मला दिला, त्याच जुन्या गोणपाटात. देताना अट घातली. "पाणी घालायचं नाही. प्रेमसुद्धा करायचं नाही फार."

तर आता तो तुकडा पाटीखाली आहे. या वेळी मी ठिबकची लॅटरल स्वतःच्या हाताने उपटून काढली आणि बायकोच्या ताब्यात दिली. तिने त्याच दिवशी तुळशीपासून गेटपर्यंत ती ताणून बांधली आणि कपडे वाळत घातले. आज सकाळी दूधवाला गेल्यावर मी बाहेर आलो. ऊन चढायचं होतं. पाटीच्या बरोबर वर माझा ओला टॉवेल लोंबत होता आणि त्याच्या टोकातून, अगदी एका लयीत, पाणी ठिबकत होतं.

मी टॉवेल दोन हात पलीकडे सरकवला.